हेडफोन लावला म्हणजे दार लागलं असं नाही

या वेळच्या टपालात ऑनलाइन समुपदेशनाबद्दलची इतकी पत्रं निघाली की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलले. नावं छापत नाही, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सुरुवातीलाच एक कबुली. एकवीस वर्षं मी खोलीत, समोरासमोर बसून समुपदेशन केलं. २०२० मध्ये त्या खोलीला कुलूप लागलं आणि मी नाइलाजाने लॅपटॉपसमोर आले. ‘काचेतून कसलं समुपदेशन’ असं म्हणणाऱ्यांत मी सर्वांत पुढे होते. खोली पुन्हा उघडली, तरी माझं निम्मं काम अजून पडद्यावरच चालतं. तेव्हा खालची उत्तरं पक्ष बदललेल्या माणसाची आहेत, हे लक्षात ठेवून वाचा. मागाहून कळलं, की यात नवं काही नव्हतंच. १९५९ मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्का सायकिअ‍ॅट्रिक इन्स्टिट्यूटमध्ये दोन्ही बाजूंनी दिसणाऱ्या टीव्हीवरून गटोपचार चालत होते. आणि फ्रॉइडने १९०९ मध्ये घोड्यांना घाबरणाऱ्या ज्या छोट्या मुलाची हकिगत प्रसिद्ध केली, त्याचे उपचार बहुतांशी वडिलांमार्फत, पत्रांतून झाले होते. त्या काळात फ्रॉइड मुलाला प्रत्यक्ष भेटला तो एकदाच.

आता पत्रं.

ताई, तीन महिने झाले, दर बुधवारी मी ऑनलाइन थेरपी घेते. ऑफिसचा ताण थोडा, घरचा जास्त. घरात सासूबाई, नवरा आणि दोन मुलं. सेशनला मी बेडरूमचं दार ओढून, हेडफोन लावून बसते. पण बाहेर सासूबाईंच्या चपलांचा आवाज येता येता थांबला, की माझंही बोलणं थांबतं. मग मी ऑफिसमधल्या गोष्टी सांगत बसते. ज्या विषयासाठी थेरपी सुरू केली, तो तीन महिन्यांत एकदाही निघालेला नाही. हे सगळं वाया चाललंय का?
— बुधवारवाली

बुधवारवाली, वाया नाही चाललेलं, पण तुम्ही खोलीचं भाडं भरून व्हरांड्यात बसला आहात.

माणूस माझ्या खोलीत यायचा, तेव्हा तो खुर्चीत टेकण्याआधीच निम्मं काम झालेलं असायचं. दार नीट लागणारं. बाहेर कोणी ताटकळत नाही, हे पाहिलेलं. घड्याळ अशा जागी की मान न वळवता दोघांनाही दिसावं. हे काम येणाऱ्याला कधी दिसलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही ते ‘काम’ वाटलं नव्हतं. पडद्यावर आल्यावर समजलं, की ती खोली आता समोरच्यानं त्याच्या घरात उभी करायची आहे आणि हे त्याला कोणी सांगितलेलंच नाही. तुमच्या थेरपिस्टनेही सांगितलेलं दिसत नाही. हेडफोनमुळे त्यांचा आवाज बाहेर जात नाही. तुमचा जातोच. आणि भीती तुम्हाला तुमच्याच आवाजाची आहे.

येत्या बुधवारी पहिलं वाक्य हेच बोला: “चपलांचा आवाज थांबला की मी गप्प होते.” मोठ्याने जमत नसेल तर चॅटमध्ये टाइप करा. माझ्याकडे एक बाई होत्या, त्या तासभर व्यवस्थित बोलायच्या, फक्त जावेबद्दलची वाक्यं टाइप करायच्या. पाचसहा आठवड्यांनी त्यांनी एकदा टाइप करता करता मध्येच सोडलं आणि उरलेलं वाक्य तोंडाने पूर्ण केलं. ते वाक्य काय होतं हे मी विसरले, पण कीबोर्डचा खडखड आवाज थांबला तो क्षण आठवतो.

जागेचं म्हणाल, तर पलंगावर बसूनच बोललं पाहिजे असं कुठे आहे? लोक गच्चीत बसून बोलतात, ऑफिस सुटल्यावर रिकाम्या मीटिंग रूममध्ये बोलतात, उभ्या गाडीत बोलतात. उभ्या. एक गृहस्थ गाडी चालवत सेशनला आले, त्यांना मी रस्त्याच्या कडेला थांबायला लावलं आणि ते थांबेपर्यंत एक अक्षर बोलले नाही. कॅमेरा बंद करून, चालत चालत, नुसत्या आवाजावर सेशन झालं तरी चालतं, मात्र थेरपिस्टला आधी कल्पना द्या. घरातच बसायचं असेल, तर दाराच्या आत नाही, बाहेर पंखा किंवा रेडिओ लावा. बऱ्याच समुपदेशकांच्या खोलीबाहेर घरघर करणारं एक छोटं यंत्र असतं, ते याचसाठी. शिवाय एखादं खुणेचं वाक्य ठरवून घ्या. ‘फाइल पाठवते’ म्हटलं की कोणीतरी आत आलंय, एवढं त्यांना कळलं पाहिजे.

आता सासूबाई. दाराशी थांबणारं माणूस दर वेळी चोरून ऐकत असतं असं नाही. सून दर बुधवारी दार ओढून परक्या माणसाशी बोलते आणि बाहेर येते ती ओढलेल्या चेहऱ्याने, एवढंच त्यांना दिसतं. पुढचं सगळं त्या मनाने रचत असणार, आणि मनाने रचलेलं बहुधा खऱ्याहून भयंकर असतं. त्यांना वेळ सांगून टाका: “बुधवारी सात ते आठ मी समुपदेशकांशी बोलते. मनावर फार ताण येतो, तो हलका व्हावा म्हणून. तेवढा वेळ मला दार लावून हवं.” ‘तुमच्याबद्दल काही नसतं हो’ असं मात्र चुकूनही म्हणू नका. ते खोटं आहे आणि त्यांना कळेल.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगते. कुटुंबोपचारात मरे बोवेन या मनोविकारतज्ज्ञाचं एक निरीक्षण फार उपयोगी पडतं. दोन माणसांमधला ताण त्या दोघांत मावेनासा झाला, की ती तिसऱ्याला ओढून घेतात. बोवेन याला त्रिकोण म्हणायचे. तुमच्या घरात आजवर तिसरा कोपरा नवरा असणार. आता तिथे थेरपिस्ट येऊन बसतील. तुम्ही सासूबाईंबद्दल खरंच बोलायला लागलात आणि महिनाभर समोरून फक्त ‘बरोबर आहे तुमचं’ एवढंच येत राहिलं, तर सावध व्हा. तुमच्या बाजूने वकिली करणारं माणूस गोड वाटतं, पण त्याने घरातला आवाज कमी होत नाही. “त्या क्षणी तुम्ही काय केलंत? आणि त्यानंतर त्यांनी?” असे थोडे बोचणारे प्रश्न आले पाहिजेत.

आणखी एक. माझ्या खोलीत खरी गोष्ट बहुतेक वेळा शेवटच्या मिनिटाला निघायची. माणूस उठायचा, कडीला हात घालायचा आणि म्हणायचा, “तसं एक सांगायचं राहिलंच.” या सवयीला आमच्या धंद्यात ‘दाराच्या मुठीवरचं बोलणं’ असं नावच आहे. पडद्यावर कडी नाही, लाल बटण आहे, आणि ते एका बोटाने दाबता येतं. म्हणून ती गोष्ट पहिल्या दहा मिनिटांत काढा. आणि सेशन संपल्यावर दहा मिनिटं राखून ठेवा. पूर्वी हे काम घरी परतायचा रस्ता करत असे. माणूस बसमध्ये खिडकीबाहेर बघत घरापर्यंत पुन्हा घडी बसवून घ्यायचा. आता लॅपटॉप मिटला की पुढच्या सेकंदाला मुलाचा गृहपाठ समोर. तेवढ्यात रडं आवरत नाही, मग ते मुलावर निघतं.

आमची मुलगी सोळा वर्षांची आहे. परीक्षेच्या ताणासाठी तिला ऑनलाइन समुपदेशन लावलं. पाऊण तास दार बंद, आणि बाहेर येते ती डोळे लाल करून. काय बोलणं होतं हे समुपदेशक सांगत नाहीत, मुलगीही सांगत नाही. पैसे मी भरतो. बाप म्हणून मला विचारायचा हक्क नाही का?
— एक वडील

दादा, विचारायचा हक्क आहे. उत्तर मिळेलच असं नाही.

अल्पवयीन मुलांच्या बाबतीत पालकांना किती सांगायचं, याचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत. त्यामुळे पहिल्या भेटीत, मुलगी समोर असताना, समुपदेशकांनी ही हद्द स्पष्ट करायला हवी होती. केली नसेल तर आता करून घ्या. साधारण रीत अशी: रोजचं बोलणं मुलीचं, पण तिच्या जिवाला धोका असेल, कोणी तिला त्रास देत असेल किंवा तिच्याकडून दुसऱ्या कोणाला धोका असेल, तर ते तिच्यापुरतं राहत नाही. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने टॅरासॉफ खटल्यात यातला शेवटचा, दुसऱ्याला असलेल्या धोक्याचा मुद्दा मांडला होता. एका तरुणाने एका मुलीला मारण्याचा इरादा थेरपिस्टपाशी बोलून दाखवला होता, मुलीच्या घरच्यांना कोणी सावध केलं नाही, आणि तिचा खून झाला. गुप्ततेला कुठेतरी शेवट असतो, यावर तेव्हापासून जगभर बोललं जातं. समुपदेशक तुम्हाला काहीच सांगत नाहीत याचा एक अर्थ असाही असू शकतो, की ती हद्द ओलांडण्याजोगं काही निघालेलं नाही. हा अंदाज मनात ठेवू नका, त्यांना सरळ विचारा: “धोक्याचं काही असलं तर मला कळवाल ना?” या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला मिळायलाच हवं.

त्यांनी तुमच्याकडून घराचा पत्ता आणि तातडीला फोन करायचं एक नाव घेतलंय का, तेही आठवून बघा. समोरासमोर असताना माणूस कोसळला तर मी उठून त्याच्यापाशी जाऊ शकते. पडद्यावर तो कुठल्या गावात, कुठल्या घरात बसलाय हेच ठाऊक नसेल, तर मी मदत कुठे पाठवणार? पहिल्याच सेशनला हे विचारत नाही, त्या समुपदेशकाचं शिक्षण आणि नोंदणी मी दोनदा तपासली असती.

लाल डोळ्यांना घाबरू नका. मला काळजी असते ती आठवड्यामागून आठवडा कोरड्या डोळ्यांनी बाहेर येऊन ‘छान झालं’ म्हणणाऱ्या मुलांची. तुमची मुलगी बाहेर आली की ‘काय बोललीस’ याऐवजी “एकटीला बसायचंय, की मी बसू इथे?” एवढंच विचारा. एकटीला म्हणाली तर खरोखर उठून जा.

तिची तयारी असेल तर समुपदेशकांना एक एकत्र सेशन मागा. माझा एक अनुभव: भांडणाऱ्या घराला एकाच सोफ्यावर, एकाच कॅमेऱ्यासमोर कोंबण्यापेक्षा प्रत्येकाला वेगळ्या खोलीत, वेगळ्या स्क्रीनवर बसवलं तर बरं जमतं. दोघं एकदम बोलली की धड कोणाचंच ऐकू येत नाही, मग झक मारत एकाला थांबावं लागतं. प्रत्यक्षातल्या खोलीत हे मला एकवीस वर्षांत जमलं नव्हतं.

रात्री दोन वाजता थेरपिस्ट झोपलेला असतो, फोनमधला चॅटबॉट जागा असतो. मी त्याच्याशी बोलतो, बरं वाटतं. तो कंटाळत नाही, वेळ संपली म्हणत नाही. मग माणसाकडे जायचंच कशाला?
— निशाचर

तुम्हाला बरं वाटतं हे खरं आहे आणि त्याची चेष्टा करायची नाही. १९६६ मध्ये एमआयटीमध्ये जोसेफ वायझेनबॉम यांनी एलायझा नावाचा एक प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. तो फक्त तुमचंच वाक्य थोडं फिरवून प्रश्न म्हणून परत करायचा. तो तयार होताना पाहिलेली त्यांचीच सेक्रेटरी त्याच्याशी बोलायला बसली, आणि थोड्याच वेळात वायझेनबॉमना म्हणाली, तुम्ही जरा खोलीबाहेर जाता का? समोर नुसतं यंत्र आहे हे ठाऊक असूनही तिला दार लावून हवं होतं. (बुधवारवाली, वाचताय ना?)

माझा अंदाज असा, की तुमचा निम्मा गुण लिहिण्याचा आहे. १९८६ मध्ये जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी विद्यार्थ्यांना रोज पंधरा मिनिटं, चार दिवस, आयुष्यातल्या सर्वांत जखम करणाऱ्या प्रसंगाबद्दल लिहायला लावलं होतं. घटना आणि तिच्याबद्दलच्या भावना असं दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्यातल्या खेपा पुढच्या महिन्यांत कमी झाल्या. समोर कोणी उत्तर देणारं नव्हतं. तेव्हा रात्री दोनला वही उघडून बघा. वहीला तुमची माहिती विकता येत नाही. हे मी उगाच म्हणत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये ऑनलाइन समुपदेशनातल्याच एका मोठ्या कंपनीला ग्राहकांची आरोग्याविषयीची माहिती जाहिरातींसाठी पुढे दिल्याबद्दल ७८ लाख डॉलर भरायला लावले. तिथे तर पलीकडे खरी माणसं होती. कुठल्याही ॲपला मन दाखवायच्या आधी, ते कोणाकोणाला दाखवलं जाईल हे वाचून घ्या. कंटाळवाणं असतं, मीही निम्मं वाचून सोडते, पण ‘भागीदार’ हा शब्द आला की थांबते.

उरला माणूस. इंटरनेटवरून चालणारे स्वाध्यायाचे उपचार असतात, आठवड्याचे धडे, सराव, नोंदी. त्यांच्याबद्दल एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे: मागे कोणी माणूस असेल, आठवड्यातून चार ओळींचं उत्तर देणारा का असेना, तर लोक ते पुरे करतात आणि गुणही जास्त येतो. एकटा सोडलेला माणूस मधेच गळतो. वाट बघणारं कोणी असलं की अभ्यास होतो, शाळेत होत होता तसाच. शिवाय ‘मागच्या आठवड्यातही तुम्ही हेच म्हणालात आणि तेव्हाही हसलात’ असं तुम्हाला कोणीतरी म्हणायला हवं. तुमचा बॉट तुमच्या मनासारखं बोलतो म्हणून बरा वाटतो. माझ्या मते अडचण नेमकी तिथेच आहे.

आणि एखाद्या रात्री ‘आता जगणंच नको’ असं येऊ लागलं, तर टाइप करत बसू नका. घरातल्या कोणाला तरी उठवा किंवा हेल्पलाइनला फोन लावा. झोपमोड झाली म्हणून कोणी रागावत नाही.

बायको दोन महिने थेरपी घेतेय. आता प्रत्येक भांडणात ‘माझी थेरपिस्ट म्हणते’ हे वाक्य असतं. एका बाईशी भांडताना दोन बायकांशी भांडल्यासारखं होतं.
— हैराण

हसू आलं, माफ करा.

थेरपिस्ट काय म्हणाली हे तुम्ही ऐकलेलं नाही, आणि बायकोनेही ते तिच्या सोयीनेच ऐकलेलं असणार. थेरपिस्टला भांडणात साक्षीला आणू नये, हे तिला मीही सांगितलं असतं. पण तुम्ही “तुझी ती थेरपिस्ट...” असं सुरू केलंत की संपलं. जॉन गॉटमन आणि सिबिल कॅरेर यांनी १९९९ मध्ये नवविवाहित जोडप्यांचं भांडण नोंदवून दाखवलं होतं, की पहिल्या तीन मिनिटांतच बरंच काही ठरलेलं असतं. तेव्हा पहिलं वाक्य बदला: “ती काय म्हणते ते राहू दे, तुला काय वाटतं ते सांग.” आणि ती सांगेल तेव्हा फोन उलटा ठेवा.

दोघांनी मिळून जायचं ठरलं तर वेगळा समुपदेशक घ्या. तिची थेरपिस्ट तिचीच राहू द्या, नाहीतर पहिल्या दिवसापासून तुम्ही हरलेले असाल.

कॅमेरा बंद ठेवला तर चालतं का? बोलताना सारखं स्वतःच्या तोंडाकडेच लक्ष जातं आणि कसंतरी होतं.
— लाजाळू

चालतं. पण त्याआधी फक्त स्वतःची चौकट लपवून बघा, बहुतेक ॲपमध्ये तशी सोय असते. तुम्ही त्यांना दिसाल, स्वतःला दिसणार नाही. स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलने येणाऱ्या थकव्याची जी कारणं मांडली, त्यांत दिवसभर आरशासमोर बसल्यासारखं होणं हे एक होतं. पहिल्या वर्षी मीही लोकांचं दुःख ऐकताना कोपऱ्यातल्या चौकटीत माझेच केस सारखे करत होते. एका मुलीने शेवटी विचारलं, “ताई, तुम्हाला कुठे जायचंय का?” त्या संध्याकाळी मी ती चौकट लपवली ती आजतागायत उघडलेली नाही.

नुसत्या आवाजावर माणसं कधीकधी जास्त मोकळी होतात, तेही खरं. पण चेहरा दिसत नसला की मला शांततेचा अर्थ लागत नाही. समुपदेशनात गप्प बसणं हे कामच असतं, समोरच्याला त्याच्या विचारापर्यंत पोचायला ती जागा लागते. पडद्यावर मी पहिल्यांदा अशी गप्प बसले, तेव्हा समोरचे आजोबा थोडा वेळ थांबले, मग स्क्रीनवर टकटक करत म्हणाले, “हॅलो? गेलं वाटतं नेट.” बायको गेल्यानंतर पहिल्यांदाच ते तिच्याबद्दल बोलायला लागले होते. तो धागा तुटला, पुन्हा हाती यायला तीन आठवडे गेले. आता पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून ठेवते: मी गप्प असले तर माझ्या पापण्या हलतायत का बघा. हलत असतील तर नेट आहे, तुम्ही घ्या तुमचा वेळ.